नेपल्समध्ये एकटीने फिरताना: पहिल्यांदाच जाणाऱ्या मैत्रिणींसाठी

"रोमला जा, फ्लोरेन्सला जा, पण नेपल्सला एकटी कशाला?" माझ्या मावशीचं हे वाक्य होतं आणि ते तिने काळजीपोटीच म्हटलं होतं. मी गेले. पहिल्यांदा पाच दिवस, दोन वर्षांनी पुन्हा दहा दिवस, दोन्ही वेळा एकटी. परत आल्यापासून ओळखीच्या मुली आणि बायका मला तेच तेच प्रश्न विचारतात, म्हणून एकदाच सगळं नीट लिहून काढते आहे.

आधी मावशीच्या भीतीबद्दल. ती खोटी नाही. नेपल्स दिसायला रांगडं आहे. भिंतींवर रंगाच्या फवाऱ्यांचे फराटे, पोपडे निघालेल्या इमारती, कोपऱ्यावर साचलेला कचरा आणि जेमतेम दोन माणसं मावतील अशा गल्लीतून हॉर्न वाजवत येणाऱ्या स्कूटरी. पहिल्या तासाला छातीत धडधडतंच. पण या शहरात धोके दोन वेगळ्या जातींचे आहेत आणि ते मनात वेगवेगळे ठेवायला हवेत. एक सामानाचा: बॅग, फोन, गळ्यातली साखळी. हा खरा आहे, रोजचा आहे आणि सवयी बदलल्या तर पुष्कळ कमी होतो. दुसरा जिवाचा आणि अब्रूचा. तो प्रवासी बाईच्या वाट्याला इथे क्वचित येतो, आणि आलाच तर बहुतेक वेळा रिकाम्या, शांत जागी येतो. कामोरा ही तिथली गुन्हेगारी टोळ्यांची जुनी व्यवस्था आहे हे खरं, पण तिचे धंदे खंडणीचे, अमली पदार्थांचे, बनावट मालाचे. पर्यटकांशी तिला देणंघेणं नसतं.

नवख्या बाईची गल्लत इथेच होते. ती गजबजलेल्या अरुंद गल्लीला घाबरते आणि रुंद, मोकळ्या, निर्मनुष्य रस्त्याला सुरक्षित समजते. आणि त्या रस्त्याच्या कडेला उभी राहून, हातात फोन धरून नकाशा बघते. नेपल्समध्ये याच्या बरोबर उलट वागायचं असतं.

पायरी १: निघण्याआधी

व्हिसाचं फार लिहीत नाही. शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा प्रवास-विमा लागतोच. तो घेताना चोरी आणि हरवलेला पासपोर्ट यांचा खर्च त्यात येतो का, हे वाचून घ्या.

सोनं घरी ठेवा. मंगळसूत्र, पाटल्या, कानातली कुडी, सगळं. आपल्याकडे स्कूटरवरून साखळी खेचून नेणारे असतात तसेच तिथेही असतात, आणि पिवळंधमक बावीस कॅरटचं सोनं त्यांना दुरून ओळखू येतं. सासरी विचारलं तर सरळ सांगा. माझ्या एका मैत्रिणीने काळ्या मण्यांची साधी दोऱ्यातली पोत घातली होती, तेही चाललं.

दोन बँककार्डं न्या आणि ती कधीही एका जागी ठेवू नका. एक अंगावर, एक खोलीवरच्या बॅगेत तळाशी. पासपोर्ट आणि व्हिसाच्या पानांच्या रंगीत प्रती काढा, फोटो स्वतःला मेल करून ठेवा आणि घरच्या एका माणसाकडेही द्या. फोनमध्ये शहराचा नकाशा आधीच उतरवून घ्या. इटलीतलं सिमकार्ड घ्यायचं तर पासपोर्ट दाखवून दुकानात थांबावं लागतं. ई-सिम आधीच घेतलंत तर उतरल्या उतरल्या फोन चालू होतो, आणि एकटीला तो पहिल्या मिनिटापासून चालू लागतो.

बूट पकड असलेले घ्या. जुन्या शहरात काळ्या ज्वालामुखी दगडाची फरसबंदी आहे आणि पाऊस पडला की ती तेल ओतल्यासारखी निसरडी होते.

महिना शक्यतो एप्रिल, मे किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर. ऑगस्टचा मधला आठवडा टाळा. १५ ऑगस्टला तिथे फेर्रागोस्तो नावाची मोठी सुट्टी असते. त्या दिवसांत निम्मं शहर समुद्रावर जातं, शटरं खाली येतात, गल्ल्या ओस पडतात. मला नेपल्समध्ये कधी खरोखर अस्वस्थ वाटलं असेल तर ते भर दुपारी बंद शटरांच्या गल्लीत.

पायरी २: राहायचं कुठे

या एका निर्णयावर निम्मी सहल ठरते, म्हणून इथे वेळ घालवा.

स्वस्त खोल्या बहुतेक पियात्सा (चौक) गारिबाल्दीच्या, म्हणजे मुख्य स्टेशनच्या आसपास दिसतील. दिवसा तो भाग नुसता गोंगाटाचा आहे: फेरीवाले, बस, बॅगा ओढणारी माणसं. रात्री मात्र तिथली रया बदलते. दुकानं मिटतात, टोळक्याने उभी राहिलेली पुरुषमंडळी उरतात आणि एकट्या बाईकडे नको तितकं लक्ष जातं. पहाटेची गाडी असेल तरीही पहिल्या फेरीत तिथे राहू नका, असंच मी सांगेन.

मग कुठे? समुद्राकाठचा क्याया आणि टेकडीवरचा व्होमेरो हे सुखवस्तू, शांत भाग. व्होमेरोत संध्याकाळी आज्या नातवंडांना फिरवताना दिसतात, पण खालच्या जुन्या शहरात यायला फ्युनिक्युलर, म्हणजे उतारावरची दोरखंडाची गाडी, धरावी लागते. मला सगळ्यात सोयीचा वाटला तो व्हिया (रस्ता) तोलेदो आणि पियात्सा म्युनिचीपियो यांच्या मधला पट्टा. मेट्रो, बंदर, जुनं शहर सगळं पायी, आणि रस्त्यावर रात्री उशिरापर्यंत माणसं. पियात्सा दान्ते आणि पियात्सा बेल्लिनीच्या बाजूलाही चांगल्या जागा आहेत, मात्र बेल्लिनीला विद्यार्थ्यांचा रात्रभर गलका असतो.

जुन्या इमारतीतल्या खोल्या घेताना मालकाला चार गोष्टी आधी विचारा. खोली कितव्या मजल्यावर? रस्त्यावरचा मोठा दरवाजा रात्री बंद असतो का आणि त्याची किल्ली मला मिळेल का? मी पोचेन तेव्हा प्रत्यक्ष माणूस भेटेल, की किल्ली डब्यातून काढून घ्यायची? आणि लिफ्ट? ही चौकशी हास्यास्पद वाटेल, पण नेपल्समधल्या काही जुन्या इमारतींत लिफ्टमध्ये नाणं टाकावं लागतं. रात्री अकरा वाजता, अनोळखी जिन्याखाली, मोठी बॅग घेऊन सुटं नाणं शोधत उभं राहण्याची पाळी माझ्यावर आली होती. तेव्हापासून दहा आणि वीस सेंटची नाणी खिशात वेगळी ठेवते.

खोली ठरवण्याआधी ती गल्ली इंटरनेटच्या नकाशात फोटोरूपात बघा. खाली किराणा, बेकरी, कॉफीचा बार दिसला तर उत्तम. दोन्ही बाजूंना गोदामांची शटरं दिसली तर दुसरी खोली बघा.

पायरी ३: उजेडात पोचा

तिकीट काढतानाच हे ठरवा की शहरात पाऊल पडेल ते दिवसा. विमान कापोदिकीनोला उतरतं, तो विमानतळ शहराला अगदी लागून आहे. तिथून आलीबुस नावाची बस स्टेशन आणि बंदर दोन्हीकडे जाते. तोलेदोजवळ राहत असाल तर स्टेशनला न उतरता बंदराच्या थांब्याला उतरा.

रोमहून वेगवान रेल्वेने यायला साधारण सव्वा तास लागतो. पाटीवर आणि तिकिटावर शहराचं नाव "नापोली" असेल आणि तुमचं स्टेशन "नापोली चेंत्राले". गाडी थांबण्याआधीच फोन आत, बॅगेची चेन बंद, पुढचा रस्ता पाठ. फलाटावर कोणी हसतमुखाने बॅग उचलायला किंवा यंत्रावर तिकीट काढून द्यायला आलं तर "नो, ग्रात्सिए" (नको, धन्यवाद) म्हणून चालू पडा. त्यात उद्धटपणा नाही, तिथल्या बायकाही असंच करतात.

टॅक्सी हवी असेल तर रांगेतली पांढरी, शहराचं बोधचिन्ह असलेलीच घ्या. ठरावीक मार्गांना महापालिकेने नेमून दिलेलं भाडं असतं. बसतानाच "तारीफ्फा प्रेदेतेर्मिनाता" असं म्हणायचं. गाडी सुटल्यावर म्हणून उपयोग नाही.

पायरी ४: पहिली संध्याकाळ छोटी ठेवा

पहिल्या दिवशी काहीही "बघायचं" नाही. सामान ठेवा, अंघोळ करा, आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास फक्त एक फेरी मारा: व्हिया तोलेदोवरून खाली चालत पियात्सा देल प्लेबिशीतोपर्यंत, तिथून समुद्राकाठच्या लुंगोमारेवर. डावीकडे व्हेसुव्हियस ज्वालामुखी, समोर पाण्यात कास्तेल देल्लोवो हा किल्ला. या वेळी सगळं शहर फिरायला निघालेलं असतं. कुटुंबं, तरुण पोरं, हातात हात घातलेल्या म्हाताऱ्या मैत्रिणी. या गर्दीत तुम्ही कोणाच्या डोळ्यांत भरत नाही.

निघण्याआधी खोलीतच नकाशा बघून तीन वळणं पाठ करा. चुकलात तर रस्त्यात थांबून फोन काढू नका. जवळच्या बारमध्ये जा, कॉफी घ्या आणि आत उभं राहून नकाशा बघा. तिथे बार म्हणजे दारूचा गुत्ता नव्हे. सकाळी सहापासून उघडं असणारं, कॉफी आणि गोड पावाचं दुकान, आपल्याकडच्या इराण्याच्या जवळ जाणारं. एकटी बाई तिथे आत शिरली तर कोणी वळून बघत नाही. मी दिवसातून चारदा तरी असं करत होते, म्हणून नेपल्समध्ये माझी झोप नेहमीच थोडी कमी झाली.

पायरी ५: बॅग आणि फोन

पाठीवरची सॅक खोलीवर ठेवा. आडवा पट्टा असलेली, चेनची, लहान बॅग घ्या. पट्टा डोक्यावरून घालून बॅग पोटासमोर आणि भिंतीकडच्या बाजूला. स्कूटरवरचा चोर रस्त्याच्या बाजूने येतो, त्यामुळे चालताना तुम्ही भिंतीच्या जवळ आणि बॅग त्याहून जवळ. स्कूटर समोरून येताना दिसते, मागून येताना नुसता आवाज येतो. म्हणून कानात इअरफोन नकोत.

एक कठीण गोष्ट सांगते. कोणी खरंच बॅग खेचली तर सोडून द्या. पट्ट्यात हात अडकवून ओढाताण केली तर स्कूटरच्या वेगाने बाई फरफटते, आणि खरी इजा होते ती अशीच. बॅगेत असं काही ठेवूच नका ज्यासाठी जीव पणाला लावावासा वाटेल. त्या दिवसापुरते पैसे, एक कार्ड, पासपोर्टची प्रत, बस.

फोन हातात घेऊन फोटो काढायचा असेल तर पाठ भिंतीला लावा, काढा, आत ठेवा. कॉफीच्या टेबलावर फोन ठेवायचा नाही, बाहेरच्या टेबलावर तर मुळीच नाही. खुर्चीच्या पाठीला बॅग अडकवायची नाही. ती मांडीवर घ्या किंवा पट्टा गुडघ्यात अडकवा. आणि रस्त्यावर कोणी नवाकोरा महागडा फोन स्वस्तात दाखवला तर हात लावू नका. नेपल्समध्ये या फसवणुकीला "पाक्को", म्हणजे पुडकं म्हणतात. दाखवतात खरा फोन, हातात येतो लाकडाचा किंवा विटेचा तुकडा.

पायरी ६: गल्ली वाचायला शिका

दुसऱ्या दिवशी सकाळी जुन्या शहरात जा. स्पाकानापोली हा सरळसोट रस्ता आणि त्याला समांतर व्हिया देइ त्रिबुनाली, दोन्ही अडीच हजार वर्षांपूर्वीच्या ग्रीक वसाहतीच्या आखणीवर आजही चालू आहेत. हा भाग १९९५ पासून युनेस्कोच्या यादीत आहे.

मधल्या गल्ल्यांत तळमजल्यावर एकखोलीची घरं दिसतील, दार थेट रस्त्यावर उघडणारी. त्यांना "बास्सो" म्हणतात. दाराबाहेर खुर्ची टाकून बाई शेंगा सोलत बसलेली असते, आत टीव्ही चालू असतो, वरच्या मजल्यावरून कोणीतरी दोरीला टोपली बांधून खाली सोडतं आणि दुकानदार त्यात पाव ठेवतो. गिरगावातल्या चाळीत लहानपण गेलेल्या कोणालाही हे दृश्य ओळखीचं वाटेल. मला तर आजीच्या चाळीचा सज्जा आठवला. तिथे जसं अनोळखी माणूस जिना चढला की चार दारांतून "कोण पाहिजे?" विचारलं जायचं, तसंच या गल्ल्यांत आहे. फक्त प्रश्न तोंडाने विचारत नाहीत.

पहिल्या वेळी क्वार्तिएरी स्पान्योली या तोलेदोला लागून असलेल्या दाट गल्ल्यांच्या वस्तीत मी बॅग पाठीमागे सरकवून दिवाळीच्या तोरणांसारखे लटकलेले कपडे बघत चालले होते. खुर्चीवरच्या एका आजीने माझ्याकडे पाहिलं, बॅगेकडे बोट केलं आणि तर्जनीने स्वतःच्या डोळ्याखालची कातडी खाली ओढली. इटलीत या खुणेचा अर्थ "डोळे उघडे ठेव". मी बॅग पुढे घेतली. तिने मान हलवली आणि पुन्हा शेंगा सोलू लागली. माझी नेपल्सची भीती त्या क्षणी गेली.

तेव्हा गल्लीत शिरण्याआधी हे बघा: वाळत घातलेले कपडे आहेत का, खुर्च्यांवर बायका आहेत का, पोरं चेंडू खेळताहेत का, भाजीवाला आहे का. असेल तर कितीही अरुंद आणि अंधारी दिसली तरी जा, जाताना "बुऑन्जोर्नो" म्हणा. फक्त लोकांच्या दारातून आत फोटो काढू नका, ती त्यांची राहती घरं आहेत. गल्लीत कोणीच नसेल, शटरं बंद असतील किंवा दोन-तीन पुरुष स्कूटरवर नुसते थांबून असतील, तर वळून दुसऱ्या रस्त्याने जा. दुपारी दोन ते चार ही जेवणाची आणि वामकुक्षीची वेळ, रविवारी तर ती जास्तच लांबते. त्या वेळी गल्ल्या सोडून संग्रहालयात जा.

रस्ता ओलांडणं पुण्या-मुंबईच्या बाईला शिकवायला नको. चालकाच्या डोळ्यांत बघा, एका चालीने चालत राहा, मध्येच थबकू नका, मागे फिरू नका.

पायरी ७: काय बघावं

याची यादी कुठेही मिळेल, म्हणून मी दोनच जागांबद्दल लिहिते.

पहिली, राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालय. मंगळवारी बंद असतं, आणि संगमरवरी तलम वस्त्राखालच्या ख्रिस्ताची मूर्ती असलेलं सानसेव्हेरो चॅपेलही त्याच दिवशी बंद असतं. त्याचं तिकीट आधी काढून ठेवा. संग्रहालयात व्हेसुव्हियसच्या राखेत गाडल्या गेलेल्या पाँपेई शहराची भित्तिचित्रं आणि मोझेक बघाच, पण "गुप्त दालन" चुकवू नका. तिथे हस्तिदंताची एक लहान भारतीय स्त्रीमूर्ती आहे. पाँपेईत १९३८ साली सापडली, म्हणजे इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसचा उद्रेक झाला त्याआधीच ती तिथे पोचली होती. पूर्वी तिला लक्ष्मी म्हणत, आता यक्षी मानतात. जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला आणि धाराशिवजवळच्या तेरला तशाच घडणीच्या हस्तिदंती मूर्ती मिळाल्या आहेत, त्यामुळे ती आपल्याच मुलखातून गेली असावी असं काही अभ्यासक मानतात. दोन हजार वर्षांपूर्वी इथवर आलेली ती बाई बघून मी तिथल्या बाकावर बराच वेळ बसले होते.

दुसरी जागा, सानिता. गरीब वस्ती म्हणून लोक नावं ठेवतात. तिथल्या सान जेन्नारोच्या भुयारी दफनभूमीत वस्तीतल्याच तरुणांनी २००६ साली काढलेली सहकारी संस्था वाटाड्याचं काम करते. एकटीसाठी ही फेरी फार सोयीची: गटात जाता येतं, इंग्रजीत माहिती मिळते, आणि शेवटी वस्तीत कसं जायचं हे तिथलीच मुलं सांगतात. वस्तीच्या डोक्यावरून जाणारा उंच पूल मद्दालेना चेरासुओलोच्या नावाचा आहे, लोक तिला लेनूच्चा म्हणत. सप्टेंबर १९४३ च्या अखेरीस चार दिवस नेपल्सची सामान्य माणसं जर्मन सैन्याशी लढली. हा पूल उडवून देण्याचा बेत हाणून पाडणाऱ्यांत ती होती, तेवीस वर्षांची. पुलावरून वस्तीत उतरायला लिफ्ट आहे. दिवसा जा, बाजार भरलेला असतो.

पायरी ८: मेट्रो, रेल्वे आणि पाँपेई

मुंबईकर बायकांना सवय असते ती लेडीज डब्याची. तो इथे नाही. गर्दीच्या गाडीत दाराजवळ उभ्या राहू नका, कारण खिसेकापू दार बंद होतानाच हात मारून उतरतात. आत जा, पाठ डब्याच्या भिंतीला, शेजारी बाई असेल अशी जागा बघा. कोणी चिकटून उभं राहिलं तर मोठ्याने "स्कूझी!" म्हणून सरका. अशा वेळी तिथले लोक गप्प बसत नाहीत, डबाभर आवाज होतो.

पाँपेईला जाणारी चिर्कुमवेसुव्हियाना ही जुनाट, रंगवलेली, खचाखच भरणारी गाडी. सोरेन्तोकडे जाणारी धरा आणि "पोम्पेई स्काव्ही, व्हिल्ला देइ मिस्तेरी" या स्टेशनला उतरा. नुसतं "पोम्पेई" असलेलं स्टेशन वेगळ्या मार्गावर आहे. सकाळी लवकर गेलात तर बसायला जागा मिळते आणि परतीलाही उजेड असतो. कागदी तिकिटावर शिक्का मारणाऱ्या यंत्रातून ते काढायला विसरू नका, नाहीतर तिकीट असूनही दंड होतो.

पायरी ९: एकटीने जेवणं

पिझ्झेरियात एकटीला जागा लवकर मिळते. बाहेर नाव सांगायचं, हाक मारली की आत. साडेसात-आठला गेलात तर रांग लहान. बारमध्ये अनेक ठिकाणी आधी "कास्सा"वर पैसे देऊन पावती घ्यायची आणि ती काउंटरवर ठेवायची.

शाकाहारी असाल तर चीजशिवायची मारिनारा निर्धास्त खा. मार्गेरितावरच्या मोझरेल्लात बहुधा वासराच्या पोटातलं रेनेट असतं, ते चालत असेल तरच ती घ्या. पण नेपल्सच्या स्वयंपाकात डुकराची चरबी फार ठिकाणी लपलेली असते. मिरीच्या खुसखुशीत ताराल्लींमध्ये ती असते, स्फोल्यातेल्ला या गोड पेस्ट्रीच्या पदरांत परंपरेने असते, बटाट्याच्या पास्त्यातही मांसाचे तुकडे असू शकतात. "सोनो वेजेतारियाना" एवढ्याने भागत नाही. "निएन्ते कार्ने, निएन्ते पेशे, निएन्ते स्त्रुत्तो" असं सगळं म्हणा: मांस नको, मासे नकोत, चरबी नको. फ्रियारिएल्ली ही कडसर पालेभाजी मिळाली तर जरूर घ्या. लसूण-मिरचीवर परतलेली असते, मेथी आवडणाऱ्याला ती लगेच आवडेल.

पायरी १०: पुरुषांचं लक्ष

"चाओ बेल्ला" ऐकू येईल. बहुतेक वेळा ते तिथेच संपतं. मान न वळवता चालत राहा. हसून उत्तर देण्याची आपली सवय इथे अडचणीची ठरते, कारण हसू म्हणजे बोलायला होकार असा अर्थ लावला जातो. कोणी बरोबर चालू लागला तर थांबा, त्याच्याकडे बघा आणि स्पष्ट म्हणा, "मी लाशी इन पाचे", मला एकटीला राहू द्या. तरीही गेला नाही तर पहिल्या उघड्या दुकानात शिरा, शक्यतो बाई गल्ल्यावर असेल तिथे किंवा हिरव्या क्रॉसच्या औषधाच्या दुकानात, आणि काय चाललंय ते सांगा. भाषा आली नाही तरी बोट दाखवलेलं पुरतं. ओरडायची वेळ आली तर "आयूतो!" म्हणजे वाचवा, चोर असेल तर "आल लाद्रो!". हे शब्द घरी आरशासमोर मोठ्याने म्हणून बघा. मी बघितले होते. पहिल्यांदा आवाजच फुटेना.

कुठे राहता, एकट्या आहात का, असं कोणी विचारलं तर मैत्रीण खोलीवर वाट बघते आहे असं सांगा. त्यासाठी अपराधी वाटून घेऊ नका.

पायरी ११: रात्र

रात्री दहापर्यंत तोलेदो, लुंगोमारे, क्यायातले चौक, त्रिबुनालीचा पिझ्झाचा पट्टा गजबजलेले असतात, तिथे फिरायला हरकत नाही. व्होमेरोहून खाली येणाऱ्या पेदामेन्तीनाच्या चारशेहून अधिक पायऱ्या दिवसा सुंदर आहेत. अंधारात फ्युनिक्युलरने या. मेट्रो मध्यरात्रीपर्यंत चालेलच असं गृहीत धरू नका, शेवटच्या गाडीची वेळ स्टेशनवरच बघून ठेवा. उशीर झाला तर जिथे जेवलात तिथल्यांनाच टॅक्सी बोलवायला सांगा आणि ती येईपर्यंत आत बसा. इमारतीचा दरवाजा उघडण्याआधी किल्ली हातात असू द्या, मागे कोणी येत असेल तर त्याला पुढे जाऊ द्या.

पायरी १२: काही घडलंच तर

तातडीचा क्रमांक ११२. रुग्णवाहिकेसाठी ११८. स्त्रीवरचा अत्याचार किंवा पाठलाग यासाठी १५२२, हा चोवीस तास चालतो आणि इतर भाषांतही बोलतात. तिन्ही क्रमांक फोनमध्येही ठेवा आणि कागदावरही, कारण फोनच चोरीला गेला तर?

चोरी झाली तर आधी कार्डं बंद करा, मग पोलिसांत "देनून्चा", म्हणजे लेखी तक्रार द्या. मुख्य पोलीस कचेरी, क्वेस्तूरा, व्हिया मेदीनावर आहे, म्युनिचीपियो मेट्रोपासून चालत थोड्या अंतरावर. काराबिनिएरींच्या ठाण्यातही तक्रार चालते. थांबावं लागेल, पाण्याची बाटली बरोबर ठेवा. शिक्का असलेली प्रत घेतल्याशिवाय उठू नका. विम्याचे पैसे तिच्यावरच मिळतात.

पासपोर्ट गेला असेल तर हीच प्रत, तुमच्या मेलमधले पासपोर्टचे फोटो आणि दोन छायाचित्रं घेऊन रोमच्या भारतीय दूतावासात जावं लागतं. तो व्हिया व्हेन्ती सेत्तेम्ब्रेवर आहे, रोमच्या तेर्मिनी स्टेशनपासून फार लांब नाही. तिथे भारतात परतण्यापुरतं तात्पुरतं प्रमाणपत्र मिळतं. आधी फोन करून कागद कोणते लागतील ते विचारा, मग नेपल्सहून सकाळची पहिली वेगवान गाडी पकडा.